नवं वेष्टण, जुने सेल

स्वस्तात मिळणाऱ्या 'नव्या' ई-बाईक बॅटरीत अनेकदा फक्त वेष्टणच नवं असतं. आत भंगारातल्या लॅपटॉपचे १८६५० सेल (बोटाएवढे नळकांड्यासारखे लिथियम सेल), सोललेले आणि पुन्हा निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. लॅपटॉपचा सेल थोड्या करंटसाठी बनवलेला. मोटर चढावर ओढू लागली की तो तापतो.

लेबलवर ४८ व्होल्ट, २० अँपिअर-तास असतं. थोड्याच दिवसांत गाडीचा पल्ला निम्म्यावर येतो. तक्रार केली की विकणारा म्हणतो, "चार्जर बदलून देतो." फसवणुकीचा धोकादायक भाग इथून सुरू होतो. हाती पडतो तो ५२ व्होल्ट पॅकचा चार्जर. तो ५८.८ व्होल्टपर्यंत चढतो. ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे १३ जोड, म्हणजे गट, एकापुढे एक लावलेले असतात; त्यांना मिळून ५४.६ च झेपतात. म्हणजे जोडामागे ४.२ ऐवजी ४.५ व्होल्ट. पल्ला थोडा वाढल्यासारखा वाटतो, गिऱ्हाईक खूश!

अशा वेळी बीएमएसने, म्हणजे प्रत्येक जोडावर लक्ष ठेवणाऱ्या पॅकमधल्या संरक्षक सर्किटने, चार्जिंग तोडायला हवं. पण या पॅकमध्ये त्याच्या बारीक तारा अनेकदा जोडलेल्याच नसतात, किंवा त्याला वळसा घालून चार्जिंगची तार थेट नेलेली असते. मग चार्जर बरोबर असला तरी भागत नाही. कमकुवत जोड आधी भरतो आणि बाकीचे भरेपर्यंत त्याचा व्होल्टेज चढत राहतो. मीटरवर एकूण ५४.६ दिसतात, आणि एक जोड मात्र ४.४ वर असतो. आग बहुधा तिथूनच धरते.

पॅक न उघडताही लबाडी पकडता येते. आधी वजन करा. २० अँपिअर-तासांसाठी ३,५०० मिलीअँपिअर-तासांचे दमदार सेल घेतले तरी ७८ लागतात. एकेक साधारण ४७ ग्रॅमचा, म्हणजे नुसते सेलच साडेतीन किलोंच्या वर. अख्खा पॅक तीन किलो भरला तर लेबल खोटं. मग घड्याळ लावा: २ अँपिअरच्या चार्जरला रिकामा पॅक भरायला दहा तास तरी हवेत. पाचात हिरवा दिवा लागला तर क्षमता निम्मीच. चार्जरवर छापलेला आउटपुट व्होल्टेज तर आजच वाचून घ्या.

यूएल २२७१ चा (हलक्या विद्युत वाहनांच्या बॅटरीच्या सुरक्षा मानकाचा) शिक्का कोणीही छापतो. प्रमाणपत्र क्रमांक मागा आणि प्रमाणन संस्थेकडे तपासा.

पॅक फुगला, फुसफुसला किंवा गोडसर उग्र वास आला तर चार्जरचा प्लग भिंतीतून काढा आणि पॅकपासून दूर व्हा. धूर दिसू लागला असेल तर तेवढंही करू नका, बाहेर पडा. नुसता लबाड निघालेला पॅक परत करताना डबा खोलू नका. खोललेला दिसला की विकणारा दोष तुमच्यावर ढकलतो.