एकाच नेमस्पेसमध्ये अनेक रे क्लस्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या तीन टीमचे रात्रीचे बॅच जॉब कुबेररेवर चालतात. रे म्हणजे एक काम अनेक मशीनवर वाटणारं सॉफ्टवेअर; ते कुबरनेटिसवर (कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीवर) चालवायचं साधन म्हणजे कुबेररे. प्रत्येक रेजॉब (कुबेररेला दिलेलं एक काम) स्वतःचा क्लस्टर, म्हणजे एक मुख्य पॉड (हेड) आणि त्याच्या हाताखालचे वर्कर पॉड, उभा करतो आणि काम संपलं की पाडतो. नेमस्पेस (कुबरनेटिसमधला वेगळा कप्पा) मात्र सगळ्यांना मिळून एकच, कारण रजिस्ट्रीची (कंटेनर इमेजच्या साठ्याची) परवानगी आणि खर्चाचा हिशेब त्यालाच बांधलेला. इतके महिने चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: चुकून होणारी धडक टाळायला हे पुरेसं आहे, पण ज्या टीमचा एकमेकींवर भरवसा नाही, त्यांना असं एकत्र ठेवू नका.

नेटवर्कचं काम मनासारखं झालं. टोकन लावलेलं नसेल, तर हेडच्या ८२६५ पोर्टपर्यंत जो पोचेल त्याला जॉब टाकता येतो, म्हणजेच वाटेल तो कोड चालवता येतो. त्यामुळे नेटवर्क पॉलिसी (कोणता पॉड कोणाशी बोलू शकतो याचे नियम) हवीच. कुबेररे पॉडवर क्लस्टरच्या नावाचं लेबल स्वतःच लावतं, पण रेजॉबने उभ्या केलेल्या क्लस्टरच्या नावाला दरवेळी नवी शेपटी लागते; त्यावर पॉलिसी बेतली की पुढच्या रनला ती लागूच पडत नाही. टीमचं स्वतःचं लेबल हेड, वर्कर आणि सबमिटर (जॉब टाकणारा पॉड) अशा तिन्ही टेम्प्लेटमध्ये घाला. ऑपरेटर (कुबेररेचा नियंत्रक) जॉबची स्थिती ८२६५ वरच विचारतो, त्याच्या नेमस्पेसला तेवढी वाट मोकळी ठेवा. नाहीतर जॉब नीट चालतो, स्टेटस मात्र जागेवरच. आणि तुमचं सीएनआय (पॉडचं नेटवर्क जोडणारं प्लगइन) पॉलिसी पाळतं का, ते आधी तपासा. न पाळणारं सीएनआय एररही देत नाही, पॉलिसी नुसती पडून राहते.

कोट्यासाठी क्यू (Kueue) हे कुबरनेटिसवरचे जॉब रांगेत लावणारं प्रोजेक्ट घेतलं आणि ते मला मनापासून आवडलं. साधा रिसोर्स कोटा अख्ख्या नेमस्पेसवर बसतो, त्यात कोणत्या टीमने किती खाल्लं हे वेगळं निघत नाही. इथे एकाच नेमस्पेसमध्ये प्रत्येक टीमची लोकलक्यू (जॉब टाकायची रांग), तिच्यामागे स्वतःची क्लस्टरक्यू (टीमचा कोटा ठरवणारी) आणि तिन्ही क्लस्टरक्यू एका कोहॉर्टमध्ये (कोटा उसना देणाऱ्या-घेणाऱ्या गटात). रिकामा पडलेला जीपीयू शेजारची टीम उसना घेते, मालकाला लागला की परत मिळतो (त्यासाठी प्रीएम्प्शन, म्हणजे चालू जॉब थांबवून जागा परत घेणं, चालू करावं लागतं). क्यूखाली रेजॉबला आधीच चालू असलेला क्लस्टर वापरता येत नाही, आणि जॉब संपल्यावर क्लस्टर बंद करणं सक्तीचं. ही सक्ती मला योग्यच वाटते. कालच्या जॉबचं काही आजच्या जॉबला चिकटत नाही.

आता खरी अडचण. ज्याला नेमस्पेसमध्ये पॉड किंवा रेजॉब बनवता येतो, त्याला तिथलं कुठलंही सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती) माउंट करता येतं आणि कुठलंही सर्व्हिस अकाउंट (पॉडची ओळख) लावता येतं. आरबॅकमध्ये (कुबरनेटिसच्या परवानगी-व्यवस्थेत) लेबलवरून नियम लिहायची सोयच नाही. त्यात ऑटोस्केलर (गरजेप्रमाणे वर्कर वाढवणारा-घटवणारा) चालू केला की कुबेररे हेडसाठी जो रोल (परवानग्यांचा संच) बनवतं, तो त्या नेमस्पेसमधल्या सगळ्याच रेक्लस्टरना पॅच करू देतो, म्हणजे त्यांच्या व्याख्येत बदल करू देतो. म्हणजे एका टीमच्या हेडवर चालणारा कोड दुसरीच्या क्लस्टरचे वर्कर कमी-जास्त करू शकतो. इथे नेटवर्क पॉलिसी काही कामाची नाही, कारण हे सगळं पॉड-पॉडमधून नाही, तर कुबरनेटिसच्या एपीआय सर्व्हरमार्गे होतं.

आम्ही कुबरनेटिस १.३० मध्ये स्थिर झालेली व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसी (काही बनवायच्या आधी विनंती तपासणारा नियम) लावली: रेजॉबवरच्या टीमच्या लेबलशी सर्व्हिस अकाउंट आणि सीक्रेटचं नाव जुळलं नाही, तर जॉब दारातच परत. ऑटोस्केलर बंद ठेवून वर्करची संख्या ठरावीक केली. बॅचला तेवढं चालतं. ज्या टीमकडे ग्राहकांचा डेटा आहे, तिच्यासाठी मात्र वेगळा नेमस्पेस मागितला, आणि तो मिळेपर्यंत तिचे जॉब इथे येणार नाहीत.