हार्ट्स ऑफ आयर्न ४ मधलं स्पेन आणि बाहेरून आलेली फौज : काही महिन्यांनंतरचा अनुभव

हार्ट्स ऑफ आयर्न ४ हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळावरचा स्ट्रॅटेजी गेम जुना आहे, २०१६ चा, पण स्पेनची सविस्तर फोकस ट्री (देशाने पुढे काय करायचं त्या निर्णयांचा आराखडा) आली ती २०२० मध्ये ला रेझिस्तांस या डीएलसीसोबत (म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या पुरवणीसोबत) आणि मी स्पेन खेळायला लागलो तो गेल्या काही महिन्यांतच. त्याआधी सगळ्यांसारखंच जर्मनी, सोव्हिएत, फार तर जपान. गेमबद्दल सगळं लिहायला बसलो तर संपणार नाही, म्हणून एकाच गोष्टीवर लिहितो, ती म्हणजे स्पेनच्या सिव्हिल वॉरमध्ये बाहेरचे देश जे व्हॉलंटियर्स (मदतीची फौज) पाठवतात त्यांचा नक्की उपयोग किती.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम १ जानेवारी १९३६ ला सुरू होतो, स्पेनमध्ये निवडणूक होते, मग दोन्ही बाजू, म्हणजे सरकारकडचे रिपब्लिकन आणि त्यांच्याविरुद्ध उठणारे नॅशनलिस्ट, गुपचूप गॅरिसन (ठिकठिकाणच्या लष्करी तुकड्या) आपल्याकडे ओढायच्या मागे लागतात आणि काही महिन्यांत देश फुटतो. त्यानंतर नॅशनलिस्टांकडे जर्मनी-इटलीच्या डिव्हिजन (फौजेच्या मोठ्या तुकड्या) यायला लागतात आणि रिपब्लिकनांकडे सोव्हिएतच्या. ब्रिटन-फ्रान्सकडून लगेच काही येईल अशी आशा धरू नका, लोकशाही देशांना गेममधला 'जगातला तणाव' हा आकडा बराच वाढल्याशिवाय माणसं पाठवता येत नाहीत.

आता मुद्दा. नकाशावर मित्रदेशाच्या तीन-चार डिव्हिजन आपल्या लाइनीत उभ्या दिसल्या की बरं वाटतं, पण त्या आपल्या नसतात. एक्स्पिडिशनरी फोर्स म्हणून मागितलेली फौज आपल्या हाताखाली येते, तिला आपण हलवू शकतो. व्हॉलंटियर्सचं तसं नाही, ते पाठवणाऱ्याच्याच ताब्यात राहतात, ते कुठे उभे राहणार, कधी हल्ला करणार, सगळं त्यांचा एआय ठरवतो आणि तुम्ही फक्त बघायचं. रिपब्लिकन बाजूने खेळताना हे सगळ्यात जास्त जाणवतं. आरागॉनमध्ये एब्रोच्या काठाने लाइन धरलीय, एका प्रोव्हिन्समध्ये (नकाशाच्या एका तुकड्यात) फक्त सोव्हिएत डिव्हिजन आहेत आणि आपली एकही नाही, आपण निवांत माद्रिदकडे झूम करून बसलोय, आणि तेवढ्यात त्या डिव्हिजनना दक्षिणेत दुसरा फ्रंट जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्या चालायला लागतात. नोटिफिकेशन नाही काही नाही. परत वर येऊन बघावं तर नॅशनलिस्टांची एक डिव्हिजन मोकळ्या प्रोव्हिन्समध्ये शिरलेली आणि आपल्या चार डिव्हिजन समुद्राच्या बाजूला कोंडलेल्या.

त्यामुळे माझा नियम ठरलाय. व्हॉलंटियर्स जिथे उभे आहेत तिथे आपली निदान एक डिव्हिजन, कमकुवत का असेना, ठेवायचीच. त्यांना लाइनीत मोजायचंच नाही. ते आहेत तोवर आहेत. त्यांनी हल्ला सुरू केला की आपण त्याच प्रोव्हिन्सवर दुसऱ्या बाजूने चढायचं, हे मात्र मस्त चालतं, कारण समोरच्याची संख्या दोन दिशांत वाटली जाते आणि मार व्हॉलंटियर्सची फौज खाते. शिवाय त्यांची माणसं आणि बंदुका त्यांच्याच साठ्यातून भरल्या जातात, आपल्या नाही.

आपल्याकडून जाते ती सप्लाय. २०२१ च्या नो स्टेप बॅकनंतर सप्लाय हब (फौजेला रसद पुरवणारी केंद्रं) आणि रेल्वेची नवी पद्धत आली आणि हे पाहुणे तेव्हापासून खरे महाग पडायला लागले. आलेल्या डिव्हिजन तुमच्याच हबवर जेवतात. लग्नाचं वऱ्हाड दुप्पट येऊन उतरल्यावर मुलीकडच्यांची जी गत होते तीच सारागोसाच्या हबची. तुमच्या स्वतःच्या डिव्हिजनवर लाल खूण येते, ऑर्गनायझेशनची (लढत राहण्याच्या क्षमतेची) हिरवी पट्टी भरतच नाही, हल्ला दोन दिवसांत बसतो, आणि आपण टेम्प्लेट (डिव्हिजनची रचना) चुकलं की जनरल चुकला याचा विचार करत राहतो. उपाय दोनच, रेल्वेची लेव्हल वाढवा किंवा हबला ट्रक लावा, आणि सिव्हिल वॉरमधल्या अर्ध्या स्पेनकडे दोन्हीसाठी फॅक्टऱ्या कुठून येणार.

म्हणून मला आता माणसांपेक्षा सामान जास्त आवडतं. लेंड-लीजने, म्हणजे मित्रदेशाने धाडलेल्या सामानातून, रायफली आल्या की त्या माझ्या डिव्हिजनमध्ये जातात आणि मी सांगेन तिथे लढतात. २०२३ नंतर गेममधल्या शस्त्रांच्या बाजारातून विकतही घेता येतं, किंमत सिव्हिलियन फॅक्टऱ्यांत. हे इतिहासाला धरूनच आहे म्हणा. खऱ्या रिपब्लिकने १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये कार्ताजेनाहून सोव्हिएतच्या ओडेसाला सुमारे ५१० टन सोनं पाठवलं आणि त्याच्या हिशोबात टी-२६ रणगाडे, आय-१६ विमानं वगैरे आली. फुकट कुणीच दिलं नाही.

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर, गेममध्ये एक गोष्ट मला पोकळ वाटते. इटलीने खऱ्या युद्धात एका वेळी जवळपास ५०,००० माणसं स्पेनमध्ये ठेवली होती, जर्मनांची कोंडोर लीजन ही फौज एका वेळी ५,००० च्या आसपास, पण विमानांमुळे त्यांचा परिणाम कितीतरी मोठा. मार्च १९३७ ला ग्वादालाहाराला इटालियन फौजेसमोर रिपब्लिककडून लढणारे गारिबाल्दी बटालियनचे इटालियनच उभे होते आणि मुसोलिनीच्या फौजेचा तिथे पार बोऱ्या वाजला. असलं काही गेममध्ये घडताना वाटत नाही, तिथे इटालियन व्हॉलंटियर म्हणजे नकाशावरची वेगळ्या रंगाची चकती. आणि आपल्याकडच्या लोकांना हे तर माहीतच नसतं की नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, संघाचे पहिले सरकार्यवाह, लंडनहून जाऊन 'जॉन स्मिथ' नावाने रिपब्लिकच्या बाजूच्या परदेशी स्वयंसेवकांच्या इंटरनॅशनल ब्रिगेडमध्ये लढले, १९३८ मध्ये पकडले गेले आणि नॅशनलिस्टांच्या सान पेद्रो कैदी छावणीत राहिले. पुढे कम्युनिस्ट झाले. यावर गेममध्ये एक छोटा इव्हेंट असता तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

हेच सगळं उलट बाजूने खेळलं की गेम एकदम वेगळा होतो. जर्मनी किंवा सोव्हिएत घेऊन स्पेनमध्ये व्हॉलंटियर पाठवणं हा १९३६-३८ मधला सगळ्यात फायद्याचा धंदा आहे. लाइन धरायची जबाबदारी यजमानाची, देश हरला तरी आपली जमीन जात नाही, आणि आपल्याला मिळतो आर्मी एक्सपीरियन्स, टेम्प्लेट सुधारायला, शिवाय जनरलची लेव्हल वाढते. किती डिव्हिजन पाठवता येतात ते तुमच्याकडे एकूण किती आहेत त्यावर ठरतं, त्यामुळे एक-एक बटालियनच्या फुसक्या डिव्हिजन भरपूर उभ्या करायच्या, मर्यादा वाढवायची आणि पाठवायचे मात्र जाडजूड टँक. चीटिंग वाटतं, पण सगळेच करतात. इटलीने हे करताना सुरुवातीला इथिओपियाचं युद्ध गळ्यात असतं, ते आधी उरका. अटॅशे (लष्करी प्रतिनिधी) पाठवला तर न लढताही थोडा अनुभव मिळतो, पण मला लढूनच मजा येते.

एक लक्षात ठेवा, सिव्हिल वॉर संपल्यावर जिंकणारी बाजू सगळा देश घेते, मदत करणाऱ्याला जमिनीचा तुकडाही मिळत नाही. आणि जिंकलेला स्पेन पुढे तुमच्या बाजूने उतरेलच असंही नाही. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या हेंडायेला हिटलर स्वतः नॅशनलिस्टांचा नेता फ्रँको याला भेटायला गेला, तासन्‌तास बोलणी झाली तरी स्पेन युद्धात उतरला नाही, तर तुमच्या टँक डिव्हिजनचं उपकार-बिपकार विसराच.

घ्यायचं असेल तर सेलमध्ये घ्या, पूर्ण किमतीला सगळे डीएलसी म्हणजे खिसा फाटेल. नुसत्या स्पेनसाठी ला रेझिस्तांस पुरेल. आणि पहिल्यांदा खेळत असाल तर नॅशनलिस्टांकडून सुरू करा, निदान मदत थोडी जास्त येते. अनार्किस्ट (सरकारच नको म्हणणारे) फुटून बाहेर पडतात तो रिपब्लिकन डाव वेगळाच ताप आहे, तो सवय झाल्यावर.