‘पब्लिशर: अननोन’ वाचलं, तरी ‘येस’ दाबलं

अमळनेर तालुक्यात आमच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. जून महिना, पीएम किसानच्या केवायसीची गर्दी. म्हातारी माणसं सकाळपासून ओट्यावर बसलेली आणि अंगठ्याचं मशीनच चालेना. त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठा आधारपर्यंत पोचवणारा प्रोग्राम, बंद पडलेली. दर पाच मिनिटांनी कुणीतरी डोकावायचं, "भाऊ, व्हई का नही आज?"

मशीनचं नाव टाकून ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, नेटवर शोधला. सगळ्यात वरची लिंक जाहिरातीची होती, हे मागून कळलं. पान हुबेहूब कंपनीचं, पत्त्याला कुलूपही. (कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे साव बसलाय की चोर, ते नाही सांगत.) फाईल उघडताच विंडोजने निळी पाटी लावून अडवलं. ‘अशी पाटी आली तर मोअर इन्फो, मग रन एनीवे दाबा’ असं त्याच पानावर लिहिलेलं, तसं केलं. मग पिवळी पट्टी: पब्लिशर अननोन. तेही वाचलं आणि येस दाबलं. मशीन काही चालू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉलेटमधले ९,३५० रुपये नव्हते. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह, ओटीपी येणारा मेल कायम उघडा, आणि पिन? डेस्कटॉपवर ‘पिन’ नावाच्याच फाईलमध्ये. चोराला घाम आला नसणार.

जळगावला कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा भाचा आला. त्याने फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं आणि विचारलं, "मामा, डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब कुठाय?" टॅबच नव्हता. म्हणजे फाईलवर कुणाची सहीच नाही. डिटेल्समध्ये कंपनीचं नाव होतं की, म्हटलं. तर म्हणे ते कुणीही टाइप करू शकतो, लग्नपत्रिकेवर मंत्र्याचं नाव छापतात तसं. खऱ्या फाईलचा टॅब उघडून त्याने सही करणाऱ्याचं नाव दाखवलं आणि डिटेल्स दाबल्यावर ‘धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके’ हे वाक्यही. नाव मशीन बनवणाऱ्या कंपनीचंच हवं. भलत्याच कुणाची सही असली तरी फाईल उघडायची नाही. फाईलमध्ये मागून एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही.

सही असली म्हणजे फाईल सोवळी, असंही नाही, असं तो म्हणाला. २०१७ साली सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या प्रोग्रामच्या खऱ्या सहीच्याच फाईलमध्ये व्हायरस निघाला होता. पण माझ्यासारख्याला गंडवायला चोरांना एवढी मेहनत लागत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नंबर मिळाला. पैसे अजून आलेले नाहीत. विंडोज नव्याने टाकलं, सगळे पासवर्ड भाच्याच्या मोबाईलवरून बदलले. पिन आता वहीत आहे, आणि वही केंद्रात नसते.