हाताची 6 इंची की कॉम्प्युटरवाली 90 मिमी? दोन्ही वापरून पाहिल्या

हिवाळाभर नागपुरात मनीषनगरच्या आमच्या गच्चीवर दोन दुर्बिणी शेजारी-शेजारी लावल्या, माझी 6 इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची, आरशाची, हाताने ढकलायची, अन् भाऊजींची 90 मिमीची गोटू मॅक्सुटोव (गोटू म्हणजे हँडसेटवर नाव निवडलं की मोटर दुर्बीण आपोआप तिकडे वळवते, मॅक्सुटोव म्हणजे भिंग अन् आरसा दोन्ही असलेली आखूड नळी), जिला पैसे माझ्यापेक्षा जास्त लागले. पैसे मोटर अन् हँडसेटमध्ये जातात, आरसा लहान राहतो. माझा 6 इंची म्हणजे 150 मिमीचा आरसा 90 च्या पावणेतीन पट उजेड गोळा करतो, मृगातला तेजोमेघ दोन्हीत पाहिला की फरक लगेच कळते.

गोटूला आधी गाव, वेळ, तारीख सांगा, मग दोन तारे दाखवा. पहिल्या रात्री आम्ही तारखेत दिवस आधी टाकला, तिला महिना आधी पाहिजे होता, मग गुरू म्हटलं की दुर्बीण पाण्याच्या टाकीकडे जाऊन राहिली, तासभर त्यातच गेला. अन् व्याध कोणता, ब्रह्महृदय कोणता हे तुम्हालाच ओळखावं लागते, ते काही सुटत नाही.

पण बाबांचं सांगतो. वय 74, डोळा आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसायला वेळ लागते. माझ्या दुर्बिणीत 10 मिमी आयपीस लावला की 120 पट होते, त्यात गुरू पावणेदोन मिनिटांत बाहेर निघून जाते, मी सरकवून द्यायचो तोवर बाबा मागे झालेले, तीनदा असंच झालं अन् ते म्हणाले राहू दे बापा. भाऊजींच्या दुर्बिणीत मोटर गुरूच्या मागे फिरत राहते, म्हणून गुरू जागचा हलला नाही, बाबांनी खुर्चीवर बसून चारही चंद्र मोजले, पट्टे पाहिले, पंधरा मिनिटं उठलेच नाहीत. घरात म्हातारं माणूस असेल किंवा शाळेच्या पोरांची रांग लावायची असेल तर गोटूच घ्या, आरसा लहान असला तरी.

शहरात फिके तारे दिसतच नाहीत त्यामुळे ताऱ्यावरून ताऱ्यावर जात शोधणं अवघड, तिथेही गोटू कामाची. पेंच व्याघ्र प्रकल्पात सिल्लारीकडे गेलं की गोष्ट उलटी होते, 2024 मध्ये डार्क स्काय पार्क (अंधारं आकाश जपलेली जागा) झालं ते हेच, तिथे देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यानेच दिसते, माझ्या डॉब्सोनियनची नळी तिकडे वळवली की झालं. फक्त रस्त्याच्या धक्क्यांनी आरसे हलतात, पोचल्यावर कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळवणी, तपासा.

आणि हो, हे डॉब्सोनियन काढणारे जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत आश्रमात संन्यासी होते, धंतोलीत आपला रामकृष्ण मठ आहे ना, त्याच परंपरेतले, मला याचं फार अप्रूप वाटते.

माझी 6 इंची मी विकणार नाही. गोटू घेतलीच तर 12 व्होल्टची रिचार्जेबल बॅटरी सोबतच घ्या, साधे सेल रात्रभर पुरत नाहीत.