अदूर की जॉन? दोन रविवार हातात असतील तर

मल्याळी थ्रिलर बघून झाल्यावर एक दिवस माणसाला 'त्या जुन्या, आर्टवाल्या' सिनेमांची हुक्की येते. मग मला विचारणा होते, सुरुवात कुणापासून करू? गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांनी विचारलं. त्यांच्या सोसायटीत पंधरा-वीस जण महिन्यातून दोनदा सिनेमा बघायला जमतात. समाजाकडे बघणारा दिग्दर्शक हवा, अदूर गोपालकृष्णन लावू की जॉन अब्राहम? (जॉनचं नाव गूगलवर टाकाल तर आधी बायसेप्स दिसतील. तो हा नव्हे.) फोनवर पाच मिनिटांत देता येण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहितोय.

दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, साठच्या दशकातले. एकाने सरकारी नोकरी सोडली, दुसऱ्याने एलआयसीची. आजही ज्या घरात असं काही घडेल तिथे आई अंथरूण धरेल. दोघांना बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक शिकवायला होते. इथवर कुंडली जुळते, आणि इथेच संपते.

अदूर १९६५ला शिकून बाहेर पडले, तिरुवनंतपुरमला गेले आणि मित्रांबरोबर 'चित्रलेखा' ही फिल्म सोसायटी काढली. आधी प्रेक्षक तयार करायचा, मग सिनेमा. पहिला सिनेमा 'स्वयंवरम' आला १९७२ साली. बारावा 'पिन्नेयुम' २०१६चा. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत मिळून पूर्ण लांबीचे बारा चित्रपट. २००४चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. जॉनचे एकूण चार. १९८७च्या मे महिन्यात कोळिकोडला एका इमारतीवरून पडून तो गेला, तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. अदूरांना 'अहो' आणि जॉनला 'अरे' म्हणतोय हे लिहिताना लक्षात आलं. पण राहू दे, त्यांचे सिनेमे तसेच आहेत.

अदूरांचा एकच बघायचा असेल तर 'एलिपत्तायम' (१९८१). शब्दशः अर्थ उंदराचा सापळा. नायर जमीनदारांचं पडीक होत चाललेलं घर, त्यात उण्णी नावाचा मधल्या वयाचा पुरुष आणि त्याच्या बहिणी. गोष्ट म्हणावी तर एवढीच. एका प्रसंगात उण्णी नातेवाइकांकडच्या लग्नाला निघतो. स्वच्छ मुंडू (केरळी धोतर), छत्री, सगळा थाट. वाटेत चिखलपाणी साचलेलं असतं. तो थांबतो, बघतो, आणि घरी परत येतो. बस्स. सरंजामशाही कशी संपली यावर कुणी भाषण देत नाही. एक माणूस पाय भिजतील म्हणून मागे फिरतो. तिकडे सगळ्यांत धाकटी बहीण, श्रीदेवी, सापळ्यात सापडलेला उंदीर तळ्यावर नेऊन बुडवते, पुन्हापुन्हा. मधली राजम्मा मुकाट राबत राहते, ती अभिनेत्री शारदाने अशी केली आहे की तिच्या कण्हण्याने आपलंच अंग दुखावं. कोकणातल्या खोतांच्या पडवीत किंवा देशावरच्या वाड्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना आरामखुर्चीतला असा एक काका नक्की आठवेल.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर मराठी प्रेक्षक अडखळतो. नायरांमध्ये घराणं आईच्या बाजूने चालायचं आणि कारभार मामाकडे असायचा. त्यामुळे लग्न झालेली थोरली बहीण वाटा मागायला येते तेव्हा ती माहेरी हात पसरायला आलेली नाही, हक्काचं मागतेय. केरळात ही एकत्र कुटुंबपद्धती कायद्याने मोडीत निघाली ती १९७५च्या कायद्याने, म्हणजे हा सिनेमा यायच्या जेमतेम सहा वर्षं आधी. उण्णीच्या पायाखालची जमीन तेव्हा खरोखरच सरकलेली होती.

अदूरांचं राजकारण थेट बघायचं असेल तर 'मुखामुखम' (१९८४) आहे. मेला असं समजून ज्याचं स्मारक उभारलं तो कॉम्रेड काही वर्षांनी परत येतो, आणि नुसता पितो आणि झोपतो. केरळातल्या डाव्यांना तो झोंबला. मला तो आवडतो, पण केरळातलं १९५७चं कम्युनिस्ट सरकार आणि १९६४ची पक्षातली फूट डोक्यात नसेल तर अर्धी मजा जाते. सोसायटीच्या हॉलमध्ये तो लावू नका. त्यापेक्षा 'विधेयन': मामुट्टीने केलेला जुलमी जमीनदार पटेलर आणि त्याच्यासमोर कुत्र्यासारखा वाकणारा तोम्मी. मालकाने छळावं आणि गुलामाला त्याचाच आधार वाटावा, हे इतकं नागडं फार कमी सिनेमांत दिसतं.

आता जॉन. 'अम्मा अरियान' (१९८६). या नावाचं भाषांतर आपल्याकडे जुन्या पत्रांत आयतं सापडतं: आईस कळावे. पुरुषन नावाचा तरुण दिल्लीला निघालाय. वायनाडच्या रस्त्यावर पोलीस त्याची जीप अडवतात, गळफास घेतलेल्या एकाचा मृतदेह न्यायचा असतो. चेहरा ओळखीचा वाटतो. शोध घेतल्यावर कळतं, हा हरी, तबला वाजवणारा, डाव्या चळवळीत असलेला. दिल्ली राहते बाजूला. हरीच्या आईला कळवायला हवं, म्हणून पुरुषन कोचीच्या दिशेने निघतो आणि गावोगावी हरीचे मित्र त्याच्यात सामील होत जातात. प्रत्येक घरी एक आई दार उघडते. पोरांचं टोळकं वाढत जातं आणि त्यांच्या आठवणींतला हरी मात्र एकमेकांशी जुळत नाही.

तो बनला कसा, हे सिनेमाइतकंच महत्त्वाचं. निर्माता नाही. १९८४ला जॉन आणि मित्रांनी 'ओडेसा' नावाचा गट काढला. गावोगावी जायचं, चॅप्लिनचा सिनेमा दाखवायचा, लोकांकडून जमतील ते पैसे गोळा करायचे. त्यातून 'अम्मा अरियान' झाला आणि पुन्हा तसाच गावोगावी दाखवला गेला. आपल्याकडे गणपतीची वर्गणी जमते तसा सिनेमा! कॅमेरा वेणूचा, संकलन बीना पॉलचं, दोघंही पुण्याच्याच इन्स्टिट्यूटची.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तो पसरट आहे. मधल्या पाऊण तासात कोण कुणाचा मित्र हे सुटून जातं, आणि आयांच्या नावाने काढलेल्या या सिनेमात बोलतात मात्र पुरुषच. शिस्तीच्या बाबतीत अदूर दहा पावलं पुढे. 'अग्रहारत्तिल कळुदै' (१९७७) हा जॉनचा तमिळ सिनेमा त्यामानाने आटोपशीर: ब्राह्मणांच्या गावात एक प्राध्यापक गाढवाचं पिल्लू पाळतो आणि सगळं गाव हलतं. गंमत म्हणजे हा प्राध्यापक झालेत एम. बी. श्रीनिवासन, ज्यांनी 'एलिपत्तायम'ला संगीत दिलं.

याच पिढीतले तिसरे मल्याळी दिग्दर्शक जी. अरविंदन कुठे गेले, असं कुणी विचारेलच. स्मिता पाटील आहे म्हणून 'चिदंबरम' (१९८५) बघाच, पण तो तिसऱ्या रविवारी.

एक खटकणारी गोष्ट लपवत नाही. कोट्टयमच्या के. आर. नारायणन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांनी संचालकांवर जातिभेदाचे आरोप करत आंदोलन केलं, तेव्हा अध्यक्ष असलेले अदूर संचालकांच्या बाजूने उभे राहिले आणि जानेवारी २०२३मध्ये त्यांनी राजीनामा दिला. 'विधेयन' काढणाऱ्या माणसाने असं करावं हे मला पचत नाही. तरी 'विधेयन' मी यादीतून काढून टाकणार नाही.

तर, ओळखीच्यांना सांगितलं ते असं. नुसतं बघून घरी जाणारी मंडळी असतील तर पहिल्या रविवारी 'एलिपत्तायम', दुसऱ्या रविवारी 'विधेयन', जॉनला हात लावू नका. बघून झाल्यावर चहाबरोबर तासभर भांडणारी असतील तर दुसऱ्या रविवारी 'अम्मा अरियान'. तिन्ही सिनेमे साधारण दोन तासांचे. सबटायटल्स आदल्या दिवशी तपासा, यूट्यूबवरच्या जुन्या प्रतींत ओळी मध्येच गायब होतात. आणि 'एलिपत्तायम'ला पंखे बंद ठेवा, कितीही उकडलं तरी. त्यात दारं कुरकुरतात, ते ऐकू यायला हवं.