मोनेची सीन नदी, पेठेतल्या फ्रेमवाल्याकडून

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९६ आणि १८९७ मध्ये, फ्रान्समधल्या जिव्हर्नीजवळ एप्त नदी सीनला मिळते त्या परिसरात, पहाटे नावेत बसून सीनची एक मालिकाच रंगवली. तिच्यातल्या, सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या १८९७ च्या चित्राची कॅनव्हासवरील प्रत मी पुण्यात शुक्रवार पेठेतील एका फ्रेमच्या दुकानातून करून घेतली. स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांच्या प्रतिमा या संग्रहालयाने २०१७ पासून सर्वांना खुल्या केल्यामुळे मोठी फाइल विनामूल्य मिळते. प्रश्न उरतो तो छपाईचा.

या चित्राचा सगळा जीव फिक्या छटांमधल्या बारीक फरकात आहे. झाडी, तिचे पाण्यातले प्रतिबिंब आणि मागचे धुके यांच्यात ठळक रेषा जवळजवळ नाहीच, आणि काठ कुठे संपला व पाणी कुठे सुरू झाले हे ठरवायला नजर थांबावी लागते. दुकानदारांनी मात्र ‘जरा उठाव यावा’ म्हणून, न विचारताच कॉन्ट्रास्ट वाढवला. धुके नाहीसे झाले, झाडे काळवंडली आणि वाण्याच्या कॅलेंडरवर शोभेल असा देखावा हाती आला. (ग्राहकांना हेच आवडते, असे त्यांचे म्हणणे, ते खरेही असेल.) त्यात वरून चकचकीत वॉर्निश, त्यामुळे दिवाणखान्यातली ट्यूबलाइट थेट नदीच्या मधोमध उगवते.

दुसरी तक्रार आकाराची. मूळ चित्र साधारण ८२ बाय ९३ सेंटीमीटर, म्हणजे चौरसाच्या जवळ जाणारे; दुकानाचा ठरलेला आकार २४ बाय ३६ इंच. त्यात बसवण्यासाठी वरखाली कातरले की प्रतिबिंबाचा खालचा भाग जातो, आणि झाडी व तिची छाया यांचा तोल साधणाऱ्या चित्रात नेमके तेच जाऊन चालत नाही.

तक्रार केल्यावर त्यांनी निम्म्या दरात दुसरी प्रत काढून दिली, हे नमूद केले पाहिजे. फाइलला हात न लावता, मॅट कॅनव्हासवर, मूळ प्रमाणात छापलेली ही प्रत खरोखर चांगली आहे. जवळून पाहिले तर जांभळट राखाडीतले गुलाबी फटकारेसुद्धा ओळखू येतात. सागवानी फ्रेमचे कोपरे काटेकोर जुळले आहेत. पावसाळ्यात सैल पडणारा कॅनव्हास ताणण्यासाठी मागे लागणाऱ्या पाचरी मात्र मागितल्याशिवाय मिळत नाहीत, त्या ऑर्डर देतानाच पावतीवर लिहून घ्याव्यात.