ग्रँटच्या सहीची सनद घेताय? आधी फ्रेम उघडून बघा

अमेरिकेत आयोवा-नेब्रास्काकडे जुन्या वस्तूंचे बाजार भरतात. तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धातून परतून शेतकरी झालेल्या सैनिकांचे कागद विकायला असतात. अशाच एका टेबलावर मला साडेतीनशे डॉलरचा गंडा घातला गेला.

कागद होता नेब्रास्कातल्या 160 एकरांची 1875 सालची सरकारी सनद. फ्रेममध्ये बसवलेली, खाली ठसठशीत ‘यू. एस. ग्रँट’. विक्रेत्याने गोष्टही झकास रंगवली: मालक युनियनचा, म्हणजे उत्तरेच्या फौजेचा शिपाई, 1862 साली शायलोच्या लढाईत ग्रँटच्या हाताखाली लढला, आणि पुढे त्याच ग्रँटने राष्ट्राध्यक्ष म्हणून स्वतः सही करून त्याला जमीन दिली! पावतीवर मात्र नुसतं ‘जुना कागद, फ्रेमसह’.

घरी फ्रेम उघडली, तर पुठ्ठ्याच्या कडेखाली आणखी एक ओळ निघाली: सचिवाचं नाव आणि हुद्दा. राष्ट्राध्यक्षांच्या वतीने सनदांवर सही करायला 1833 च्या कायद्याने सचिव नेमला गेला. त्यानंतरच्या अशा सनदांवर राष्ट्राध्यक्षांचं नावसुद्धा सचिवाच्याच हातचं असतं. (पेशवाईतल्या सनदा तरी कुठे पेशवे स्वतः लिहीत होते? अक्षर कारकुनाचंच.) तो पुठ्ठा नेमका त्याच ओळीवर आला, हा योगायोग मी मानत नाही.

सैनिकाची गोष्टही थापच निघाली. होमस्टेडची (सरकारने वसून कसणाऱ्याला दिलेली) जमीन नावावर व्हायला पाच वर्षं तिथे राहून कसावी लागे. 1872 च्या कायद्याने माजी सैनिकाला त्यातून लष्करी सेवेचा काळ वजा करून मिळे, आणि तसं केलं की सेवेचा पुरावा फाइलमध्ये लागे. राष्ट्रीय अभिलेखागारातून मी या जमिनीची फाइल मागवली. गृहस्थ पुरी पाच वर्षं राहिलेला. नागरिकत्वाच्या कागदानुसार तो 1867 साली प्रशियाहून आला, म्हणजे युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर. बिचाऱ्याने शायलोचं नाव तरी ऐकलं होतं की नाही कोण जाणे.

फाइलला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात, पण सनदेची प्रत सरकारी भूमी नोंदींच्या संकेतस्थळावर फुकट दिसते. टेबलापाशी उभं राहूनच मालकाचं नाव टाकून बघा; खालची ओळ तिथे झाकलेली नसते. आणि ‘राष्ट्राध्यक्षांची स्वतःची सही’ हे शब्द पावतीवर लिहून मागा. विक्रेता कां-कूं करायला लागला तर सरळ पुढच्या टेबलाकडे वळा.

मी पैसे परत मागितले. “कागद खरा आहे ना?” एवढंच उत्तर मिळालं. आता त्याच टेबलावर लिंकनच्या ‘सही’ची सनद आहे. भाव दुप्पट, पुठ्ठा तसाच.